परीक्षेची परीक्षा

आमच्याकडे फुटका आरसा घरात ठेवीत नाहीत. त्यात तोंड पाहणे अशुभ, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. शकुनाचा भाग सोडून दिला तरी तिच्यात थोडा व्यवहारही आहे. कारण तडा गेलेल्या आरशात एका मुखाची दोन-चार मुखे दिसतात, आणि त्यांतले खरे कोणते हे पाहणाऱ्यास कळत नाही. परंतु १९९० नंतर जगात ज्या मोठमोठ्या दुर्बिणी उभ्या राहिल्या, त्यांपैकी कित्येकींचे आरसे मुळातच तुकड्यांचे आहेत. हवाई बेटांतील मौना केआ पर्वतावरच्या केक दुर्बिणीचा १० मीटर रुंदीचा आरसा ३६ षट्कोनी तुकड्यांचा आहे. २०२१ च्या नाताळात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरांचा आरसा १८ तुकड्यांचा आहे. एकसंध आरशाचा विस्तार वाढवीत गेले तर तो आपल्याच भाराने वाकू लागतो, आणि अवकाशात न्यायचा तर घडी घातल्यावाचून यानात मावत नाही. म्हणून हा उपाय.

अशा आरशांची प्रयोगशाळेत जी परीक्षा होते तिच्याविषयी अलीकडे आमच्या वाचनात बरेच आले. विषय यंत्रविद्येचा खरा. पण त्यातून एक प्रश्न निघतो तो नीतिशास्त्राचा आहे, असे आम्हांस दिसून आले. जो स्वतःच कर्ता आणि स्वतःच परीक्षक, त्याने आपल्या निकालावर कितपत विश्वास ठेवावा? आपल्या सर्व मापांचा एकमेकांशी मेळ बसला म्हणजे सत्य हाती आले काय? या प्रश्नाचा विचार आरशाच्याच आधाराने करून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम काम काय आहे ते सांगितले पाहिजे. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीही ग्रह फिरत आहेत, हे आता हजारो उदाहरणांनी सिद्ध झाले आहे. परंतु त्यांपैकी बहुतेक अप्रत्यक्ष खुणांवरून ओळखलेले आहेत. पृथ्वीसारख्या ग्रहाचे प्रत्यक्ष चित्र घ्यावयाचे तर अडचण मोठी. दूरच्या कोणी आपल्या सूर्याकडे पाहिले, तर दृश्य प्रकाशात पृथ्वी त्याला सूर्याहून सुमारे एक हजार कोटी पट मंद दिसेल, आणि ती सूर्याच्या अगदी लगत असेल. म्हणून आधी ताऱ्याचा प्रकाश झाकावा लागतो. सूर्यबिंब झाकून त्याभोवतीचे प्रभामंडळ ग्रहणावाचून पाहण्याची युक्ती बर्नार लिओ या फ्रेंच ज्योतिर्विदाने १९३० च्या सुमारास सिद्ध केली; त्याच कोरोनाग्राफ यंत्राची वाढलेली संतती आज या कामी वापरतात. दिव्याखाली अंधार असतो अशी आपली म्हण आहे; येथे दिव्याशेजारी अंधार मुद्दाम निर्माण करावा लागतो, आणि तो निर्माण करणे हेच सर्वांत बिकट काम आहे. आरशाचा एखादा तुकडा किंचित पुढेमागे झाला, की त्या अंधारात प्रकाशाचे बारीक ठिपके उमटतात, आणि असा प्रत्येक ठिपका ग्रहासारखाच दिसतो! पृथ्वीसारख्या ग्रहासाठी आरशाची स्थिरता सुमारे दहा पिकोमीटरांच्या घरात हवी असे गणित सांगते. म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा जेवढा व्यास, त्याच्या सुमारे दशांशाइतकी. वाचकांनी क्षणभर थांबून या मापाची कल्पना करून पाहावी. ज्या पदार्थाचा आरसा घडवायचा, त्याच्या एका कणाहूनही लहान असा दोष येथे क्षम्य नाही.

पुण्यातील आमचे एक स्नेही हौसेने दुर्बिणीचा आरसा घासीत असत. सहा इंचांची काच, दुसऱ्या काचेवर खर घालून महिनोन् महिने घासलेली. तिची परीक्षा ते फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ च्या सुमारास शोधलेल्या रीतीने करीत. अंधाऱ्या खोलीत एक बारीक प्रकाशबिंदू, समोर आरसा, आणि परतून आलेल्या प्रकाशाच्या मार्गात हळूहळू सरकविलेले दाढीचे पाते. एवढ्या सामग्रीने काचेवरील उंचसखलपणा डोंगरदऱ्यांच्या छायांसारखा स्पष्ट दिसतो. एकदा त्यांनी आम्हांस गंमत दाखविली. आरशावर अंगठा काही क्षण टेकवून उचलला, आणि पुन्हा पाहावयास सांगितले. जेथे अंगठा टेकला होता तेथे एक टेकडी उभी राहिलेली दिसत होती! अंगठ्याच्या उष्णतेने काच तेवढीच फुगली होती. पाच-दहा मिनिटांनी टेकडी निवली व नाहीशी झाली. स्नेही हसून म्हणाले, "आरसा तपासताना मी किती ऊन आहे तेही तपासावे लागते." त्या वेळी आम्ही तो विनोद समजलो. आज त्यातच सर्व विषयाचे सार होते असे वाटते.

मोठ्या प्रयोगशाळांतही हीच रीत वेगळ्या रूपाने चालते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे, हबल आणि वेब या दुर्बिणींचे वैज्ञानिक कार्य जेथून चालते त्या संस्थेत, एका मेजावर तुकड्यांच्या दुर्बिणीची लहानशी प्रतिकृती मांडलेली आहे. ३७ चिमुकल्या षट्कोनांचा आरसा, पुढे आकार बदलू शकणारे लवचीक आरसे, आणि ताऱ्याच्या जागी काचतंतूच्या टोकाचा प्रकाश. त्या कृत्रिम ताऱ्याशेजारी काळोखाचा एक प्रदेश तयार करावयाचा, हे तेथील रोजचे काम. तेथे दहा कोटींत काही थोडे भाग एवढाच प्रकाश उरेल इथवर मजल गेली आहे. कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथील प्रयोगशाळेने निर्वात कोठीत, परंतु तुकडे नसलेल्या अखंड गोल छिद्राने, २०१९ साली शंभर कोटींत एका भागाच्याही खाली उतरून दाखविले. साध्य मात्र हजार कोटींत एक भाग हे आहे, आणि तेही तुकड्यांच्या आरशाने.

या मेजावरील प्रयोगाची खरी थोरवी त्याच्या आकड्यात नाही, असे आमचे मत आहे. तेथे ग्रह नाही, हे सर्वांस आधीच माहीत असते. काचतंतूच्या टोकाभोवती कोणते जग फिरणार? म्हणून तेथे जो ठिपका दिसेल तो दोषच होय. त्याला आशेचे नाव देण्यास जागाच नाही. इतकेच नव्हे, तर शास्त्रज्ञ एकेक तुकडा जाणूनबुजून ठराविक अंतराने हलवितात आणि त्याने काळोख किती बिघडतो हे मोजतात. आकाशाला विचारण्यापूर्वी आपले खोटे कसे दिसते याचा ते अभ्यास करतात. मनुष्य आपल्या गुणांची उजळणी नित्य करतो. पण आपली भूल कोणत्या रूपाने पुढे येते, हे शांतपणे आणि संकटाची वेळ येण्यापूर्वी पाहून ठेवणारे किती असतील?

आता मेळाच्या प्रश्नाकडे येऊ. केक दुर्बिणीच्या ३६ तुकड्यांच्या कडांवर १६८ संवेदक बसविलेले आहेत. शेजारच्या तुकड्याच्या मानाने आपण वर की खाली, एवढेच प्रत्येक संवेदक सांगतो. आणि त्या सांगण्यावरून प्रत्येक तुकड्यामागील तीन यंत्रे त्याला सतत जागेवर आणतात. व्यवस्था मोठी सुंदर आहे. कोणी कोणावर हुकूम चालवीत नाही; जो तो शेजाऱ्याशी जुळवून घेतो, आणि त्यातून एक अखंड आरसा निर्माण होतो. पण तिच्यात एक उणीव आहे. सर्व तुकडे मिळून एकदमच कलले तर एकाही संवेदकाला त्याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याशी अगदी किंचित कोन करून वळला आणि त्यामुळे साऱ्या आरशाची वक्रता बदलली, तर तेही संवेदकांना जवळजवळ दिसत नाही. शेजारी शेजाऱ्याशी समाधानी, आणि सबंध आरसा मात्र चुकलेला! म्हणून वेळोवेळी दुर्बीण एखाद्या ताऱ्याकडे वळवून त्याच्या प्रकाशाने सर्व तुकडे पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. पंचांमुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. आणि गावगाड्याच्या व्यवहारात ते बहुधा खरेही ठरते. पण पाचही पंच एकाच बाजूला कलले असतील तर त्यांच्या एकमतातून ते कलणे उघडकीस येत नाही, उलट झाकले जाते. मेळ ही सत्याची एक अट असेल. ती सत्याची साक्ष नव्हे.

या भेदाचे मोल केवढे आहे हे हबल दुर्बिणीने जगाला शिकविले. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली. तिचा २.४ मीटरांचा आरसा अखंड होता, आणि त्या काळी त्याच्याइतका काटेकोर घासलेला मोठा आरसा दुसरा नव्हता, असे मानले जाई. पण पहिली चित्रे आली ती अंधुक. चौकशी झाली, आणि त्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध झाला. आरशाची कड हवी होती त्याहून सुमारे २.२ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळजवळ पन्नासाव्या भागाने, अधिक सपाट होती. कारण काय? घासणाऱ्यांचा हात चुकला नव्हता. ज्या उपकरणाने आरशाचा आकार तपासला जाई, त्यातीलच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. बसविताना ते ठरल्या जागेपर्यंत सरकत नव्हते. तेव्हा ते का सरकत नाही हे शोधण्याऐवजी चकत्या घालून काम भागविण्यात आले. पुढे कारागिरांनी त्या चुकलेल्या मापाशी आरसा अत्यंत इमानाने जुळविला. त्यांच्या निष्ठेत न्यून नव्हते. निष्ठा जितकी अधिक, तितका आरसा चुकीत अधिक पक्का झाला.

याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या उपकरणांनी केलेल्या तपासण्यांत हा दोष दिसला होता. परंतु ती उपकरणे कमी प्रतीची, मुख्य उपकरण सर्वांत सूक्ष्म. तेव्हा कनिष्ठाचे म्हणणे वरिष्ठापुढे टिकणार कसे, अशा विचाराने ती साक्ष बाजूला सारली गेली. वेळ अपुरा होता, खर्च वाढला होता, आणि मुख्य उपकरण तर समाधानकारक उत्तर देत होते. जाडाभरडा साक्षीदार सूक्ष्म मोजू शकत नसेल. पण केवढी तरी मोठी चूक समोर असताना ती पाहण्यास त्याची नजर पुरेशी होती. साक्षीदाराची प्रतिष्ठा आणि साक्षीची सत्यता या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे न्यायासनावर बसणारा प्रत्येकजण तोंडाने म्हणतो. प्रसंग आला म्हणजे विसरतो.

ही गोष्ट केवळ आरशाची आहे असे आम्हांस म्हणवत नाही. आमच्या समाजाने शिवाशिवीचे नियम कित्येक शतके किती काटेकोरपणे पाळले! त्यात शास्त्राशी मेळ होता, रूढीशी मेळ होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी मेळ होता. पाळणाऱ्यांची निष्ठाही पुष्कळदा निष्कपट होती. पण मापच चुकलेले होते, आणि म्हणून निष्ठेबरोबर अन्यायही काटेकोर होत गेला. त्याविरुद्ध साक्ष नव्हती असेही नाही. ज्यांना तो अन्याय सोसावा लागला ते ती देतच होते; परंतु त्यांचा अधिकार कनिष्ठ मानलेला, तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकणार कोण? महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो या न ऐकलेल्या साक्षीचाच परिणाम होय. सदसद्विवेकबुद्धी हे मनुष्याचे परीक्षेचे उपकरण आहे असे आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या उपकरणातील भिंग जागेवर आहे की नाही, हे ते उपकरण स्वतः सांगू शकत नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? परीक्षेची परीक्षा, तिचीही पुन्हा परीक्षा, असे करीत गेल्यास एकही दुर्बीण आकाशात जाणार नाही आणि एकही मनुष्य कर्तव्यास उभा राहणार नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि अतिसंशय हाही आळसाचाच एक प्रकार आहे हे आम्हांस मान्य आहे. पण ज्यांनी हबलच्या चुकीपासून धडा घेतला त्यांनी संशयाला मर्यादाही घातली आणि शिस्तही लावली. पहिली शिस्त अशी, की एकाच गोष्टीला दोन साक्षीदार असावेत व त्यांची जात भिन्न असावी. कारण एकाच साच्यातील दोन साक्षीदार एकाच चुकीला दोनदा होकार देतात. दुसरी अशी, की परीक्षा ज्या स्थितीत वस्तू वापरावयाची त्या स्थितीत घ्यावी. वेब दुर्बिणीचे बेरिलियमचे तुकडे अवकाशात उणे २३० अंशांच्या आसपासच्या थंडीत काम करणार होते. म्हणून ते अलाबामातील हंट्सविल येथे तसल्याच थंडीत नेऊन कसे वाकतात हे मोजले, आणि नंतर उबेत मुद्दाम तितकेच विरुद्ध घासले. म्हणजे खोलीतल्या उबेत चुकीचे दिसतील ते थंडीत बरोबर व्हावेत! पुढे २०१७ साली ह्यूस्टन येथे, चंद्रयात्रेच्या काळात बांधलेल्या प्रचंड निर्वात कोठीत, दुर्बीण सुमारे शंभर दिवस ठेवून तपासली. त्याच दिवसांत हार्वी वादळाने शहर पाण्याखाली गेले, तरी काम चालू राहिले. आणि तिसरी शिस्त म्हणजे दोषांचे अंदाजपत्रक. एकूण किती दोष चालेल हे आधी ठरवावयाचे, आणि त्याची वाटणी करावयाची. इतका कंपनाचा, इतका उष्णतेचा, इतका तुकड्यांच्या सांध्यांचा. आम्ही निर्दोष आहो, असे तेथे कोणी म्हणत नाही. आमचा दोष केवढा आहे आणि तो कोठून येतो हे आम्ही जाणतो, एवढेच म्हणतात. आणि आमच्या समजुतीप्रमाणे कोणाही प्रामाणिक मनुष्यास याहून अधिक म्हणता येत नाही.

असे करूनही शेवटी आकाशासमोर उभे राहावेच लागते, आणि तेथे उत्तर आधी माहीत नसते. तेथे ग्रह कोणता आणि दोष कोणता हे ओळखण्याची जी युक्ती शास्त्रज्ञांनी योजिली आहे, ती आम्हांस सर्वांहून मोलाची वाटते. ताऱ्याकडे रोख ठेवूनच दुर्बीण त्याच्या मानाने फिरू द्यावयाची. जो ठिपका दुर्बिणीबरोबर फिरला तो आपल्या आरशाचा. जो आकाशाबरोबर राहिला तो आकाशाचा. याच रीतीने एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह हवाईतील केक व जेमिनी दुर्बिणींच्या चित्रांत ओळखले गेले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ते जगापुढे आले. पण त्याच महिन्यात फोमलहॉट ताऱ्याजवळील एक ठिपकाही, हबलच्या २००४ व २००६ च्या चित्रांवरून, ग्रह म्हणून जाहीर झाला होता. तो आरशाचा दोष नव्हता, आकाशातच होता. तरी २०१४ च्या चित्रांत तो दिसेनासा झाला, आणि २०२० साली दोघा संशोधकांनी असा निष्कर्ष मांडला की तो ग्रह नसून दोन पिंडांच्या टकरीतून उडालेला, पसरत जाणारा धुळीचा ढग असावा. म्हणजे आपला दोष वगळल्यावरही घाईने नाव देण्याची भूल उरतेच, आणि तिला काळ हाच परीक्षक लागतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२१ साली सुमारे सहा मीटरांच्या एका नव्या अवकाश दुर्बिणीची शिफारस केली. वसतियोग्य असू शकतील असे सुमारे २५ ग्रह तिने पाहावेत, असा हेतू आहे. आणि योजकांच्या आराखड्यांत तिचा आरसा तुकड्यांचा आहे. ती सिद्ध झाली तर एखाद्या दिवशी कोणी तरी सांगेल, की अमुक ताऱ्याजवळच्या एका फिकट ठिपक्यात जीवनाच्या खुणा दिसल्या. ती बातमी खरी असावी असे सर्वांनाच वाटेल, आम्हांलाही वाटेल. आणि म्हणूनच ती धोक्याची असेल. जे उत्तर आपल्याला हवे असते तेथेच आपण तपास लवकर थांबवितो. त्या दिवशी विश्वास ठेवावा की नाही हे ठरविण्यास, बाल्टिमोरच्या मेजावर आज काचतंतूच्या ताऱ्याशेजारी काळोख तयार करीत बसलेल्या माणसांचे नीरस टिपण उपयोगी पडेल. ग्रह नसताना आम्हांला कोणकोणते ग्रह दिसले, याचीच ती यादी असेल.

हबलची कथा मात्र दुःखान्त नाही, हे सांगितल्यावाचून लेख संपवू नये. चूक करणारे ते उपकरण कारखान्यात जसेच्या तसे जपून ठेवलेले होते. ते मोडून टाकले नव्हते, की लपविले नव्हते. म्हणून चूक नेमकी केवढी हे मोजता आले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तितकीच उलट चूक करणारे आरसे बसवून दुर्बिणीची दृष्टी निर्मळ केली. आरसा आजही तोच आहे, त्याचा दोषही त्यात तसाच आहे. फक्त तो आता माहीत झालेला आहे. ज्या घरात फुटका आरसा ठेवू नये म्हणतात, त्या घरात निदान आपल्या जुन्या चुकांची मापे तरी जपून ठेवावीत. दुरुस्ती करणाऱ्यास पुढे तीच लागतात.